दोन मैलांच्या आतले: स्कूल बोर्डाच्या निवडणुकीच्या नोंदी

२९ फेब्रुवारी २०२४, गुरुवार

राज्याच्या शिक्षण खात्याने मदतीचे आकडे टाकले. न्यू जर्सीतल्या सगळ्या स्कूल डिस्ट्रिक्टांचा (म्हणजे गावच्या शाळा चालवणाऱ्या संस्थांचा) एकच लांबलचक तक्ता. आमच्या टाउनशिपची ओळ शोधली, उजवीकडे सरकत गेले, शेवटच्या रकान्यात वजाचं चिन्ह. राज्याकडून येणाऱ्या पैशांतला जवळजवळ चौथा हिस्सा पुढच्या वर्षी येणार नाही.

गंमत म्हणजे परवाच गव्हर्नर मर्फींनी अर्थसंकल्पाच्या भाषणात सांगितलं, की २००८ च्या कायद्यातलं सूत्र यंदा पहिल्यांदाच पूर्णपणे पाळलं जाणार. तेही खरं आणि हा वजाही खरा. सूत्र असं: एका मुलाला शिकवायला किती लागतात ते राज्य ठरवतं. मग गावाची ऐपत काढतात, निम्मी घरांच्या किमतीवरून, निम्मी लोकांच्या उत्पन्नावरून. जी तफावत उरते ती राज्य भरतं. काही गावांना वर्षानुवर्षं सूत्रापेक्षा जास्त मिळत होतं, काहींना कमी. ते सारखं करायला २०१८ च्या कायद्याने सात वर्षं दिली आणि सातवं वर्ष हेच. आमच्याकडे मुलं कमी झाली, घरांच्या किमती चढल्या. म्हणजे कागदावर आम्ही श्रीमंत झालो. घर विकून बेघर व्हायची तयारी असेल तर खरोखरच श्रीमंत.

ज्या गावांचं इतकी वर्षं अडून राहिलं होतं त्यांना पैसे मिळाले, त्याबद्दल तक्रार करायला तोंड नाही. तरी एक्सेल उघडलं.

३० एप्रिल, मंगळवार

बजेटची जाहीर सुनावणी, हायस्कूलचं सभागृह. बोलायला प्रत्येकी तीन मिनिटं. माईकसमोर छोटा सिग्नल ठेवलेला: हिरवा, पिवळा, तांबडा.

कपातीची यादी पडद्यावर आली. चौथीतलं व्हायोलिन-चेलोचं शिक्षण बंद. वर्गात मदतीला असणाऱ्या पॅरांच्या काही जागा बंद. संध्याकाळची लेट बस बंद. आणि ‘कर्टसी बसिंग’ बंद. आठवीपर्यंतच्या मुलाचं घर शाळेपासून दोन मैलांपेक्षा लांब असेल आणि हायस्कूलच्या मुलाचं अडीच मैलांपेक्षा, तरच बस देणं डिस्ट्रिक्टवर कायद्याने बंधनकारक आहे. त्याच्या आतल्यांना आजवर दिली ती मेहेरबानी. आम्ही १.९ मैलांवर.

मी उभी राहिले. प्रश्न एकच होता: कर्टसी बसमध्ये आज नेमकी किती मुलं बसतात आणि त्यातली किती फुटपाथ नसलेल्या रस्त्यावर राहतात? पण प्रस्तावनाच इतकी लांबली, की प्रश्नापर्यंत येईतो पिवळा लागला. घाईघाईत विचारला. ‘माहिती घेऊन कळवू’ असं उत्तर मिळालं.

बजेट मंजूर. स्कूल बोर्डाच्या (डिस्ट्रिक्टचा कारभार बघणाऱ्या निवडून आलेल्या मंडळाच्या) निवडणुका नोव्हेंबरमध्ये घेणाऱ्या गावांत करवाढ २ टक्क्यांच्या आत असली की बजेट लोकांसमोर मतदानाला ठेवावंच लागत नाही. मला हे आज कळलं. बारा वर्षं या गावात टॅक्स भरतेय.

२६ मे, रविवार

अजून कळवलेलं नाही.

मधल्या काळात मर्फींनी एका कायद्यावर सही केली. ज्यांची मदत कापली गेली त्यांना थोडी रक्कम परत मिळवता येईल आणि यंदापुरता कर ९.९ टक्क्यांपर्यंत वाढवता येईल. गावात एकदम दोन तट पडले. एरवी दोनाची मर्यादा २०१० च्या कायद्याने आलेली. तिला काही सवलती आहेत, पण ढोबळ गणित असं: कर दोनाने वाढतो, आरोग्य विम्याचे हप्ते दोनात कधीच राहत नाहीत. आणि बजेटचा तीन-चतुर्थांशच्या आसपास भाग पगार आणि विमा हाच. उरलेल्यात स्पेशल एज्युकेशन, जे कायद्याने द्यावंच लागतं आणि द्यायलाच हवं. मग बस, इमारती, वीज. हात घालायला जागा उरते ती व्हायोलिनएवढी.

आई मिरजेहून आली आहे, नोव्हेंबरपर्यंत. जिल्हा परिषदेच्या शाळेत तिची एकतीस वर्षं गेली. तिला सूत्र समजावायला बसले. अर्ध्यातच तिने थांबवलं. “म्हणजे संचमान्यताच की गं. पट घसरला, शिक्षक अतिरिक्त.” मार्चमध्ये तिकडे संचमान्यतेचे, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याचे, नवे निकष आले, त्यावरून तिच्या निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर अजून धुरळा उडतोय. “पट टिकवायला आम्ही वाडीवर जाऊन पोरं गोळा करायचो. तुमच्याकडे कोण जातं?”

कोणीच जात नाही.

१४ जून, शुक्रवार

बोर्डाच्या निवडणुकीला उभी राहते आहे. तीन जागा, मुदत तीन वर्षं. पगार शून्य. न्यू जर्सीत बोर्डाचं काम फुकट असतं.

नवऱ्याने दोन प्रश्न विचारले. पहिला: नोकरी, दोन मुलं, आई इथे आलेली, वेळ कुठून काढणार? दुसरा: निवडून आलीस तरी तू करणार काय? पहिल्याला उत्तर आहे (झोप). दुसऱ्याला अजून नाही.

१७ जुलै, बुधवार, आषाढी

उमेदवारीच्या पिटिशनवर गावातल्या नोंदणीकृत मतदारांच्या दहा सह्या लागतात. दहा म्हणजे काय, एका भिशीत होतील असं वाटलं होतं. उपासाची भगर आणि दाण्याची आमटी करून ओळखीच्यांना बोलावलं. चौदा जणांनी उत्साहाने पेनं काढली. त्यातले सात ग्रीनकार्डवाले किंवा एचवनवाले, मत नाहीच. दोघे नागरिक, पण नोंदणी केलेली नाही. एक जोडपं रस्त्याच्या पलीकडे राहतं आणि पलीकडे दुसरी टाउनशिप लागते. सगळं धरून सह्या झाल्या तीन.

हे आकडे मी बराच वेळ बघत बसले. आम्ही इथल्या शाळांच्या जिवावर घरं घेतो. जेवताना विषय शाळांच्या रँकिंगचा असतो. आणि चौदातले तीन.

आई म्हणाली, “वारीत नाव नोंदवायला लागत नाही, एवढं बरं आहे.”

२९ जुलै, सोमवार

शेवटचा दिवस, दुपारी चारची वेळ. तेवीस सह्या (काही बाद होतील म्हणून जादा). बाकीच्या रस्त्यावरच्या शेजाऱ्यांकडून मिळवल्या. त्यांतल्या चौघांशी इतक्या वर्षांत पहिल्यांदा बोलले. नोटरीचा शिक्का मारून न्यू ब्रन्सविकला काउंटी क्लार्कच्या कार्यालयात २:५० ला पोचले. खिडकीतल्या बाईंनी सह्या मोजल्या, माझं आडनाव हळूहळू, एकेक अक्षर उच्चारत वाचलं आणि विचारलं, “मतपत्रिकेवर अगदी असंच छापायचं?”

अगदी असंच.

सहा उमेदवार. त्यातले तिघे एकत्र पॅनेल करून.

खर्च आजवर: नोटरी, पार्किंग, दाण्याचा कूट.

२४ ऑगस्ट, शनिवार

चूक झाली आणि ती सर्वस्वी माझीच.

पत्रकात मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘आपल्या शाळांचे एक चतुर्थांश पैसे गेले.’ कापला गेला तो राज्याच्या मदतीचा चौथा हिस्सा आणि मदत हीच मुळात आमच्या बजेटचा लहानसा भाग. बाकी बहुतेक सगळं प्रॉपर्टी टॅक्समधून येतं. पंधराशे प्रती छापून आल्या, चारशे वाटल्या, मग एका निवृत्त अकाउंटंट काकांनी दारातच चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, “इथे छेद कोणता धरलाय?” मी विम्याच्या कंपनीत आकड्यांचीच नोकरी करते. कानाच्या पाळ्या तापल्या.

उरलेल्या अकराशे प्रतींवर काय करायचं यावर घरात चर्चा. थोरला म्हणाला, स्टिकर लाव. नवरा म्हणाला, कोण बघतंय. रद्दीत टाकल्या, नव्या छापल्या. ज्या चारशे दारांत वाटल्या त्यांची यादी होती, तिथे पुन्हा जाऊन चूक सांगायचं ठरवलं. आठवड्यात २६० झाली. एका बाईंनी दार उघडून ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “चूक कबूल करायला आलेली तुम्ही पहिलीच. मत मात्र मी पॅनेलला देणार आहे.”

खर्च: छपाई दोनदा.

७ सप्टेंबर, शनिवार

गणपती बसले. मंडळाच्या आरतीला गेले तर माइकवरून एकदम घोषणा, “आपली उमेदवार आपल्यात आहे!” टाळ्या. अवघडून गेले. आपली म्हणजे काय? मराठी म्हणून? हॉलमधल्या निम्म्यांची मुलं या डिस्ट्रिक्टमध्ये नाहीतच आणि ज्यांची आहेत त्यांना माझी भूमिका कोणी विचारली नाही. एक ओळखीचे गृहस्थ प्रसादाच्या रांगेत खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “आमची दोन्ही कॉलेजात गेली. आता हा स्कूल टॅक्स कमी करणार असशील तर बोल.”

त्यांचंही खोटं नाही. राज्यात २०२३ चं घरामागे सरासरी प्रॉपर्टी टॅक्स बिल ९,८०३ डॉलर आणि त्यातला अर्ध्याहून थोडा जास्त वाटा शाळांचा. पेन्शनवर राहणाऱ्यांना तो टोचतो. पण यांना टोचायचं कारण नव्हतं, बाहेर टेस्ला उभी होती. (हे इथेच राहू दे.)

मराठी शाळेचे रविवारचे वर्ग भरतात त्या इमारतीत पत्रकं वाटली नाहीत. इमारत डिस्ट्रिक्टचीच, तिथे प्रचार चालत नाही. तिचं भाडंही यंदा वाढवलंय. बजेटच्या खिंडारात आमचीही एक वीट.

१२ सप्टेंबर, गुरुवार

आज धाकटीबरोबर शाळेपर्यंत चालत गेले. सहावीत आहे. गेला आठवडा नवरा गाडीने सोडत होता. शाळेसमोर गाड्यांची रांग मेन रोडपर्यंत येते, त्यालाच अठरा मिनिटं जातात.

७:०५ ला निघालो. पाठीवर दप्तर, हातात व्हायोलिन. तिने चौथीत सुरू केलेलं, म्हणून वाचलं. पहिला पाऊण मैल आमच्या वसाहतीतला, फुटपाथ, स्प्रिंकलर, कोणाचा तरी कुत्रा. मग काउंटी रोड. पेट्रोल पंपापर्यंत फुटपाथ आहे, पंपाची हद्द संपते तिथे तोही संपतो. करवतीने कापल्यासारखा. पुढे पांढरी पट्टी, पट्टीच्या बाहेर दोन फूट खडी, खडीच्या पलीकडे पाण्याचा चर. मी रस्त्याच्या बाजूने, ती चराच्या बाजूने. गवत कापायची यंत्रं लादलेला ट्रेलर गेला तेव्हा त्याचा वारा कानाला लागला. वेगाची पाटी ४५ ची. कोणी ४५ ने जात नव्हतं.

व्हायोलिनचा हात तिने सात वेळा बदलला. मी मोजत होते, कारण ‘दे माझ्याकडे’ म्हटलं तर ती ‘नको’ म्हणत होती.

चौकात बटण दाबलं. माणसाचं चित्र लागलं, १९ सेकंद. चार लेन आणि एक उजव्या वळणाची. वळणाच्या लेनमधल्या गाड्या तांबड्यावरही वळतात, ड्रायव्हर बघतो डावीकडे आणि आपण असतो उजवीकडे. मधल्या पट्ट्यापर्यंत पोचलो तेव्हा सहा उरले होते. पळालो.

तेवढ्यात पिवळी बस गेली, दोन मैलांच्या बाहेरच्यांची. अर्धी रिकामी. तिच्या दोन मैत्रिणींनी खिडकीतून हात केला. धाकटी त्या क्षणी माझ्यापासून चार पावलं लांब झाली, मी तिची कोणीच नसल्यासारखी.

७:५२ ला शाळा.

परत एकटीच आले. पंपावर कॉफी घेऊन कागदावर लिहीत बसले. कायदा अंतर मोजतो, घराच्या दारापासून शाळेच्या जवळच्या दारापर्यंत, सार्वजनिक रस्त्याने. अंतराच्या आतल्यांच्या बससाठी राज्य मदत देत नाही. म्हणजे कर्टसी बस परत आणायची तर सगळा पैसा गावातून, आणि तो कुठून? पॅरांच्या जागांमधून? तर करता येण्यासारखं काय आहे: एक, धोक्याच्या रस्त्यांची यादी करणारं धोरण, आणि आधी त्या रस्त्यांवरच्यांनाच बस. दोन, अर्ध्या रिकाम्या बसमधल्या जागा पैसे भरून देणं, ज्यांना परवडत नाही त्यांना माफी. तीन, शाळांच्या घंटा वीस-पंचवीस मिनिटांनी मागेपुढे केल्या तर एकच बस दोन फेऱ्या मारू शकते. चार, फुटपाथ. तो काउंटीचा, बोर्डाचा नाही, पण मागायला कोणी बोर्डाला अडवलेलं नाही.

‘बस परत आणेन’ असं मी म्हणणार नाही. नवऱ्याच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर थोडंफार मिळालं.

प्रचाराला वाजवलेली दारं: ६४०.

३० सप्टेंबर, सोमवार

कोविडच्या वेळी केंद्राने शाळांना तीन हप्त्यांत मिळून सुमारे १९० अब्ज डॉलर दिले होते. त्यातल्या शेवटच्या हप्त्याचे पैसे कशावर खर्चायचे हे पक्कं करायची मुदत आज संपली. आमच्याकडे त्यातून वाचनात मागे पडलेल्यांसाठी शिक्षक आणि एक समुपदेशक ठेवले होते. एकदाचे पैसे कायमच्या पगाराला लावले की असंच होतं, हे तेव्हाही दिसत होतं. पण तेव्हा मुलं घरात कोंडलेली होती आणि पैसे न वापरणं हाही गुन्हाच झाला असता. आजच्या शहाणपणाने त्या लोकांवर टीका करायची नाही, असं मी ठरवलंय. पॅनेलच्या पत्रकात ती आहे.

३ ऑक्टोबर, गुरुवार

मराठीला अभिजात दर्जा. फोन सकाळपासून वाजतोय. आई खूश, साखरभात केला. मी १९ दारं.

९ ऑक्टोबर, बुधवार

उमेदवारांची सभा, वाचनालयात. लीग ऑफ विमेन व्होटर्स या मतदार-जागृतीच्या संस्थेच्या बाईंनी घड्याळ लावून चालवली. उत्तराला दीड मिनिट. बस हा तिसराच प्रश्न.

पॅनेलचे तिघे एकापाठोपाठ एक: बस परत आणू. कशी? ‘प्रशासनातली उधळपट्टी कमी करून.’ टाळ्या. माझी पाळी आली. घंटांच्या वेळा, पैसे भरून जागा, धोक्याच्या रस्त्यांची यादी. बोलता बोलताच कळत होतं, की हॉल माझ्यापासून सरकतोय. हायस्कूलची घंटा बदलली तर खेळांचे सराव, पार्ट टाइम नोकऱ्या, धाकट्या भावंडांना घरी घेणं, सगळंच हलणार. एक वडील मागून ओरडले, “हो की नाही ते सांगा!”

“नाही. यंदा सगळ्यांना नाही.”

शांतता. मग पुढचा प्रश्न, पुस्तकांवरच्या बंदीचा.

गाडीत बसल्यावर नवरा म्हणाला, “हो म्हणून मग बघता आलं असतं.” मी म्हटलं, प्रशासनातल्या सगळ्यांचे पगार एक्सेलमध्ये आहेत. मध्यवर्ती कार्यालय उद्या कुलूप लावून बंद केलं तरी त्या बसगाड्या भागत नाहीत. तो म्हणाला, “मग हे बोलायला हवं होतंस.” खरंय. दीड मिनिटात सुचलं नाही. आता रात्रीचे साडेअकरा वाजलेत आणि उत्तम सुचतंय.

१९ ऑक्टोबर, शनिवार

एका दारात नव्वदीला टेकलेले निवृत्त शिक्षक. आत बोलावलं, आईला पण (ती हल्ली बरोबर येते, कोपऱ्यावरच्या बाकावर बसते). त्यांनी १९७६ चा जुलै सांगितला. राज्यघटनेत १८७५ पासून लिहिलेलं आहे, की पाच ते अठरा वर्षांच्या मुलांना राज्याने ‘परिपूर्ण आणि कार्यक्षम’ शिक्षण द्यायचं. सगळा भार घरपट्टीवर टाकून ते होत नाही, असं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये ठरवलं. तरी आमदार पैशांची सोय करीनात. तेव्हा न्यायालयाने १ जुलैपासून शाळांवर खर्च करायलाच मनाई केली. सगळ्या सरकारी शाळा बंद. आठवड्याभरात राज्याचा आयकर आला. गव्हर्नर ब्रेंडन बर्न यांनी तो आधी सुचवला तेव्हा त्यांची यथेच्छ टिंगल झाली होती.

“तेव्हा उन्हाळी शाळेत शिकवत होतो,” ते म्हणाले. “मुलं दारापर्यंत आली आणि परत गेली. त्यांना वाटलं, सुट्टीच आहे.”

मी आईला भाषांतर करून सांगत होते. तिने विचारलं, त्या आठवड्याचा पगार मिळाला का? ते इतके हसले, की खोकला लागला. मिळाला की नाही ते शेवटपर्यंत सांगितलंच नाही.

२६ ऑक्टोबर, शनिवार

आजपासून प्रत्यक्ष लवकर मतदान, नऊ दिवस. पोस्टाची मतं तर गेल्या महिन्यापासूनच सुरू आहेत, म्हणजे पहिल्या पत्रकाची चूक वाचून कोणी मत टाकलंही असेल. त्या चारशेंतली उरलेली १४० दारं परवा पूर्ण केली.

माझ्या ११ लॉन साइन (अंगणात रोवायच्या प्रचाराच्या पाट्या) चोरीला गेल्या. पॅनेलच्याही गेल्या, त्यामुळे कोणावर संशय घ्यायची सोय नाही. काउंटी रोडच्या कडेच्या गवत कापणाऱ्यांनी उचलल्या असाव्यात.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

लक्ष्मीपूजन. शाळेला दिवाळीची सुट्टी. संध्याकाळी सहापर्यंत दारं, मग घर. दोनतीन देशी घरांत पत्रकाच्या बदल्यात फराळाची पिशवी हातात आली. गाडीत आता सात प्रकारची शंकरपाळी आहेत.

आईने वही आणि झाडूची पूजा केली. माझं एक्सेल वहीत धरायचं का, विचारलं. धर, म्हणाली, आणि लॅपटॉपच्या झाकणावर हळदीकुंकू लावलं. कुंकू बिजागरीत गेलंय.

५ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी ६ ते रात्री ८. अध्यक्षपदाची निवडणूक असल्याने रांगा. मतपत्रिकेवर बोर्ड अगदी तळाला. लोक ट्रम्प-हॅरिससाठी आले होते. आमच्यापर्यंत कितीजण उतरले कोण जाणे. कायद्याने ठरलेल्या अंतरावर उभी होते, पाय गेले. एक मुलगी आईबरोबर आली आणि बोट दाखवून म्हणाली, “ही नाही म्हणाली होती.”

दारं, एकूण: १,३१२.

६ नोव्हेंबर, बुधवार

चौथी. पॅनेलचे दोघे आले, एक जुन्या सदस्या परत आल्या. तिसऱ्या जागेपासून मी २०८ मतांनी मागे. मुदतीत टपालात पडलेली मतं सहा दिवसांपर्यंत येत राहतात, पण त्यात २०८ भरून निघत नाहीत.

धाकटीने विचारलं, “म्हणजे आता चालतच जायचं?” हो.

९ नोव्हेंबर, शनिवार

आईला नेवार्क विमानतळावर सोडलं. आत जाताना म्हणाली, “माझ्या शाळेची व्यवस्थापन समिती होती, त्यातल्या निम्म्या बायका सुरुवातीला नुसत्या सही करायला यायच्या.” पुढे काय ते सांगण्याआधीच सुरक्षेची रांग सरकली.

१८ नोव्हेंबर, सोमवार

अंतिम निकाल: १९४ मतांनी मागे. निवडणूक आयोगाचा खर्चाचा फॉर्म भरायचा आहे. चाळीस साइन परत आणल्या, तारा गॅरेजमध्ये, पुठ्ठे रिसायकलिंगला. माझं आडनाव डंपस्टरमध्ये उभं राहून बघितलं. बराच मोठा फाँट घेतला होता.

एप्रिलमधल्या प्रश्नासाठी माहितीच्या अधिकाराचा इथला अर्ज आता भरला. आधीच भरायला हवा होता. उमेदवार झाल्यावर तो राजकारण वाटेल म्हणून थांबले, ही दुसरी चूक.

१० डिसेंबर, मंगळवार

उत्तर आलं. तीन पानं. कर्टसी बसमधल्या मुलांची संख्या आहे, रस्त्यानिहाय फोड नाही, कारण ‘अशी नोंद ठेवली जात नाही’. म्हणजे यादी करायचीच झाली तर ती आधी कोणीतरी चालून करायला लागणार.

शनिवार-रविवार धरून शाळेभोवतालचे सगळे दोन मैलांच्या आतले रस्ते वाटून घेतले: मी, नवरा, ते अकाउंटंट काका, आणि पॅनेलला मत देणाऱ्या त्या बाई. त्यांनी स्वतःहून फोन केला. रकाने: फुटपाथ आहे-नाही, वेगाची पाटी, सिग्नलचे सेकंद, चर. काकांनी अजून एक घातला, ‘बर्फ कोण काढतं’.

६ जानेवारी २०२५, सोमवार

बोर्डाची नव्या वर्षाची पहिली बैठक. नव्यांनी शपथ घेतली, अध्यक्ष निवडला, वर्षभराच्या बैठकांच्या तारखा वाचल्या. पॅनेलमधल्या एका सदस्याचा चेहरा पहिल्याच फायलीने पडला होता. त्यात विम्याचा अंदाज असणार.

जनतेच्या वेळेत उभी राहिले. या वेळी प्रस्तावना नाही. तक्ता सगळ्यांना आधीच दिला होता: ३१ रस्ते, ९ वर फुटपाथ तुटतो, चौकात १९ सेकंद. मागणी एकच, धोक्याच्या रस्त्यांचं धोरण वाहतूक समितीकडे पाठवा. खाली बसले तेव्हा सिग्नल हिरवाच होता.

बस परत आणू म्हणणाऱ्या त्याच सदस्याने मध्यंतरात येऊन विचारलं, घंटा वीस मिनिटं हलवण्याचं गणित माझ्याकडे आहे का. पाठवते म्हटलं. घरी येऊन पाठवलं, छेद दोनदा तपासून.

राज्याचे आकडे फेब्रुवारीच्या शेवटी येतील. २०२५-२६ चा रकाना जोडून ठेवलाय, अजून रिकामा आहे.